बांधावरच्या अंजिराच्या पाण्याबाबत

मी, खाली सही करणारी, शहर बससेवेतून निवृत्त झालेली कंडक्टर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी परवाच तपासले आणि हृदय सोडून बाकी सगळे जागच्या जागी असल्याचे सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे; माझ्या बसच्या पायरीवर लोंबकळायचा ज्याने कधी हट्ट केला त्याला विचारावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी मला एक नमुना आणून दिला होता. तो एका पानाचा होता. "काकू, एवढंच पुरतं," असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "बाळ, एका पानात माझी नणंदसुद्धा मावायची नाही."

खरे सांगायचे तर घर आणि शिल्लक यांसाठी मी कागदाला हात लावला नसता. हा सारा खटाटोप मळ्यावरच्या माझ्या तुकड्यासाठी आहे. माझ्यामागे तो माझ्या धाकट्या मुलीकडे राहावा अशी माझी इच्छा आहे, आणि तो तिच्याकडे राहणे एका माणसाच्या सहीवर अवलंबून आहे. त्या माणसाशी मी सात वर्षे अवाक्षर बोलले नव्हते. पण क्रमाने घेते.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे-निम्मे. घर विकायचे असल्यास खुशाल विकावे, भिंतींना माझी आठवण येणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते, हे घेणाऱ्याला व्यवहाराच्या आधी सांगावे. वाटणीवरून दोघांनी भांडू नये. भांडण किती महागात पडते त्याचा नमुना पुढे दिलाच आहे.

कलम २. काचेचा निळा जग माझ्या नणंदबाईंना परत. जग मुळात त्यांचाच आहे. तो त्यांचा आहे हे त्या तीस वर्षे सांगत आल्या आणि मी तीस वर्षे मान डोलावत आले. जगाचा कान तुटला होता, तो आमच्या यांनी चिकटवला आहे. धुताना कानाला धरू नये. मालकिणीच्या कानाबद्दल मी काही लिहीत नाही, त्यांना माझे कधी ऐकू आलेच नाही.

कलम ३. मळा. जुन्या कारखान्याच्या मागे नगरपालिकेची मोकळी जागा आहे. तिचे तुकडे पाडून ते लोकांना भाजी आणि फळे लावायला दिले आहेत. ज्यांच्या घराला अंगण नाही अशी माणसे तिथे येऊन मातीत हात घालतात. त्या सगळ्याला मिळून आम्ही मळा म्हणतो. पाण्याच्या टाकीकडचा कोपऱ्याचा तुकडा माझ्या नावावर आहे, त्याआधी आमच्या यांच्या नावावर होता. जमीन माझी नाही, तेव्हा ती मी कोणाला देऊ शकत नाही, एवढी अक्कल मला आहे. मळ्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा नियम असा, की धारक गेला की तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला जातो. तो घरातच राहायला हवा असेल तर दोन गोष्टी लागतात. घरातल्या वारसाने धारकाबरोबर एक अख्खा उन्हाळा त्या तुकड्यावर राबलेले असावे. आणि धारकाच्या शेवटच्या इच्छेच्या कागदावर, ज्याचा बांध आपल्याला लागून आहे त्या शेजाऱ्याने साक्षीची सही केलेली असावी, की होय, हे राबणे मी डोळ्यांनी पाहिले.

उन्हाळाच का, असे धाकटीने विचारले होते. बाकीच्या ऋतूंत झाडे आपली आपण जगतात. उन्हाळ्यात माणूस लागतो.

माझ्या तुकड्याच्या एका बाजूला टाकी आहे, दोन बाजूंना वाट आहे. बांध एकच, आणि त्या बांधापलीकडे प्लंबर आहेत.

कलम ४. प्लंबर यांच्याविषयी. हे कलम काढून टाकावे असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. मी ते ठेवत आहे, कारण याच्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

आमचे हे शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. माणूस मोजके बोलणारा. दिवसभर काचेची भांडी धुवायची आणि संध्याकाळी मळ्यावर यायचे, एवढेच त्यांचे जग. प्लंबर त्यांचे जिवलग. तेही फारसे बोलत नसत, पण दोघे मिळून जे काही न बोलता बसत ते बघण्यासारखे असे. त्या दोघांनी बांधावर बरोबर मधोमध अंजीर लावले. रोप प्लंबरनी आणले, खड्डा यांनी खणला. तेव्हा मी त्यांना भाऊजी म्हणायचे आणि ते मला वहिनी.

हे गेले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात ते अंजीर पहिल्यांदा लगडले. मंडळाचे सेक्रेटरी विचारायला आले, झाड कोणाचे? या गृहस्थांच्या खिशात मोजायचा टेप कायम असतो, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना टेपवाले म्हणतो. मी म्हटले, "आमचं. खड्डा यांनी खणलाय." प्लंबर म्हणाले, "माझं. रोप मी आणलंय. नुसत्या खड्ड्याला काय अंजिरं लागतात?" टेपवाल्यांनी टेप काढला, बांध मोजला, झाड खरोखरच मधोमध निघाले. मग ते म्हणाले, "जो पाणी घालेल त्याचं झाड." आणि गेले. असली माणसे काडी टाकतात आणि टेप गुंडाळून चालती होतात.

त्या दिवसापासून आमचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. मी त्यांना प्लंबर म्हणू लागले, ते मला कंडक्टरबाई. नंतर तेही बंद झाले. आणि त्याच उन्हाळ्यात, सगळा मळा पाण्यावाचून माना टाकून उभा असताना, ते एकटे अंजीर आधी पिवळे पडले, मग त्याची पाने गळली, मग ते मेले. मी चारचौघांत म्हटले की प्लंबरनी मुळाशी काहीतरी ओतले. त्यांनी चारचौघांत म्हटले की मला मिळेना म्हणून मी ते कोणालाच मिळू दिले नाही. वाळलेले खोड सात वर्षे बांधावर तसेच उभे राहिले. मी काढले नाही आणि त्यांनीही काढले नाही, कारण जो काढील त्यानेच मारले असा अर्थ झाला असता.

कलम ५. या उन्हाळ्याची हकिगत, धाकटीच्या हक्कासाठी.

गेल्या वर्षी माझ्या छातीने दगा दिला आणि मळ्यावर जाणे सुटले. वर्षभरात हरळीने तुकडा गिळला, पडल्या बियांची गाजरे तेवढी तगली. शेडचा पत्रा उडाला, टोमॅटोच्या काठ्या आडव्या झाल्या, पिंपाला तळाशी गळती लागली. मंडळाचा निरोप आला की उन्हाळा संपेपर्यंत तुकडा नीट करा, बांधावरचे मेलेले झाड काढा, नाहीतर जागा सोडा. मोठा त्याच्या लांबच्या शहरातून फोनवर म्हणाला, "आई, सोडून दे ना आता. भाजी बाजारात मिळते." मी म्हटले, "मिळते की. मुलगा नाही मिळत, म्हणून तुला ठेवलंय." तो हसला, पण त्याला लागले असावे. चार दिवसांची सुट्टी काढून तो आला आणि शेडला रंग लावून गेला. खिडकीच्या काचेलाही लावून गेला.

धाकटी दवाखान्यात एक्स-रे काढते. तिची खोली बिनखिडकीची. दिवसभर लोकांची हाडे बघायची आणि अंधार पडता आपल्या घरी जायचे. ती म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर." मोठा म्हणाला, "तू? तुझ्याकडे कोरफडसुद्धा जगली नाही." ते खरे होते. मीही मनात तेच म्हटले.

पहिल्या सकाळी तिने एक अख्खा वाफा उपसून काढला आणि घामाने निथळत माझ्यापुढे उभी राहिली. "आई, बघ, सगळं गवत साफ!"

"शाब्बास," मी म्हटले. "गाजरं गेली. गवत जागेवर आहे."

मला बादली उचलायची मनाई होती, त्यामुळे मी शेडच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून नुसती तोंड चालवत होते. इथे घंटेविषयी सांगितले पाहिजे. मी निवृत्त झाले तेव्हा डेपोने मोडीत निघालेल्या एका बसची घंटा मला दोरीसकट दिली. ती शेडच्या आडव्या बांबूला टांगली आहे. एक बेल म्हणजे थांबा. दोन बेल म्हणजे जाऊ द्या. माझा आवाज आता वाफ्याच्या टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून मी घंटेवर काम चालवले. धाकटी चुकीचे काही उपटायला निघाली की एक बेल, हात मागे घेऊन गवताकडे वळली की दोन बेल. चौथ्या दिवशी तिने खुरपे खाली टाकले आणि ओरडली, "आई, मी बस नाहीये!"

सगळा मळा हसला. बांधापलीकडे भेंडीच्या ओळीत वाकलेले प्लंबरही हसले, पण माझी नजर जाताच त्यांनी तोंड फिरवले.

तरी ती येत राहिली. दवाखान्यात जायच्या आधी, उजाडता उजाडता. हरळी वरून कापून भागत नाही, तिची मुळी बोटांनी माग काढत शेवटापर्यंत ओढावी लागते, हे ती शिकली. वाफ्यांची माती तिने सगळी पालथी घातली, शेणखत मिसळले, कडेने जुन्या विटा लावल्या. काकडीला आणि घेवड्याला मांडव घातला. टोमॅटोवर जुन्या साड्यांची सावली धरली. वाळकी पाने गोळा करून रोपांच्या बुडाशी अंथरली, म्हणजे ओल टिकते. पिंपाची गळती तिने स्वतः बुजवली. ते करताना प्लंबर बांधावरून इतके तळमळून बघत होते की मला त्यांची दया आली. चुकीची चिकटपट्टी लावते आहे हे त्यांना दिसत होते आणि बोलता येत नव्हते. शेवटी दुसऱ्या दिवशी बरोबर पट्टीची गुंडाळी बांधावरच्या विटेखाली ठेवलेली सापडली. कोणी ठेवली ते कोणी विचारले नाही.

शेवटी राहिले खोड. धाकटीने कुदळ घातली, खोड हलेना. मग खाली खट्ट असा आवाज झाला, म्हणून मी एक बेल दिली. धाकटी थांबली. बांधापलीकडे प्लंबरचे फावडेही थांबले. ते पहार घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, "कुदळीनं नाही व्हायचं. पहार घाल, मी रेटतो."

दोघांनी रेटले. खोड उपटून आडवे झाले, आणि मातीला असा वास आला की नाकाला पदर लावावा. त्याच्या बुडातून धाकटीने एक मातीचे मडके काढले, माझ्या बाजूने.

"हे काय?"

"मडकं," मी म्हटले.

"ते दिसतंय. इथे कुणी पुरलं?"

मी मडक्याची माती झटकू लागले. तोवर तिच्या हाताला दुसऱ्या बाजूने एक काळी नळी लागली. ती ओढायला लागली तशी नळी जमिनीखालून निघत गेली, बांध ओलांडून, भेंडीच्या ओळीखालून, थेट प्लंबरच्या पिंपापर्यंत.

"आणि हे?"

"नळी," प्लंबर म्हणाले.

जो पाणी घालेल त्याचे झाड. म्हणून मी मुळाशी मडके पुरले होते. मातीचे मडके पाण्याने भरून ठेवले की माती जेवढी तहानलेली असेल तेवढेच ते पाझरते. ते कोणाला दिसू नये म्हणून वर पाला पसरला होता. पण मडके रिकामे होईचना. मला वाटले, त्याची छिद्रे बुजली. म्हणून मी रोज संध्याकाळी सगळे गेले की वरून दोन बादल्या ओतू लागले.

प्लंबर पहारीवर रेलले होते. "पानं पिवळी पडायला लागली," ते म्हणाले, मातीकडे बघत. "मला वाटलं नळी चोंदली. म्हणून भोक मोठं केलं. मग आणखी मोठं केलं."

"रोज?" मी विचारले. सात वर्षांनी त्यांना उद्देशून काढलेला हा माझा पहिला शब्द.

"चोवीस तास चालू."

धाकटी एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. "म्हणजे ऐन उन्हाळ्यात," ती म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून त्याला बुडवून मारलं."

"जन्मभर लोकांच्या गळत्या बंद केल्या मी," प्लंबर म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "अति तिथं माती, वहिनी."

मला हसू यायला हवे होते, पण रडूच आले. प्लंबरनी खिशातून रुमाल काढला, त्याला वंगण लागलेले पाहून पुन्हा खिशात घातला. मी स्पष्टच लिहिते. आम्ही झाडासाठी भांडत नव्हतो. आम्हा दोघांनाही आमचे हे परत हवे होते आणि ते येणार नव्हते, म्हणून जे हाताशी होते त्याला आम्ही पाणी घालत सुटलो.

पुढच्या रविवारी धाकटी रिक्षातून रंगाची एक जुनी बादली घेऊन उतरली. बादलीत कमरेएवढे अंजीर. पाने हिरवीगार.

"हे कुठलं?"

"तेच," ती म्हणाली. "तुम्ही दोघं भांडत होतात तेव्हा मी एक फांदी मोडून नेली होती. माझ्या घरच्या गॅलरीत लावली, कपड्यांच्या दोरीआड."

"सात वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ते तुझं केलं असतंस."

हे तिचे बरोबर होते. ज्या मुलीकडे कोरफड जगत नाही असे आम्ही घरभर म्हणत होतो, तिने हे झाड कोणाला कळू न देता जगवले होते. मला अभिमान वाटला आणि लाजही वाटली. दोन्ही मी इथे लिहून ठेवते, तोंडावर बोलायला मला जमत नाही.

खड्ड्यातली कुजकी माती उपसून टाकली, खाली विटांचे तुकडे आणि वाळू घातली, आणि ऊन कलल्यावर अंजीर बांधावर लावले, बरोबर मधोमध. टेपवाले मोजायला आले होते. त्यांना कोणी थांबवले नाही.

वर सांगितल्याप्रमाणे माझी धाकटी मुलगी या तुकड्यावर अख्खा उन्हाळा राबली आहे. माझ्यामागे तो तिच्याकडे राहावा.

कलम ६. अंजिराचे पाणी. हे कलम दोन्ही बाजूंवर बंधनकारक समजावे. पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. ओले लागल्यास हात खिशात घालावा. कोरडे लागल्यास पाणी घालावे आणि शेडमधली घंटा एकदा वाजवावी. एक बेल म्हणजे थांबा, झाले, आता दुसऱ्या कोणी घालू नये. उन्हाळ्याचा हा शेवटचा महिना आम्ही तिघे असेच करतो आहोत आणि झाडाला नवी पाने आली आहेत. झाड कोणाचे, हा प्रश्न यापुढे कोणी विचारू नये. विचारल्यास त्याला खड्डा खणायला लावावे.

कलम ७. अवजारे. कुदळ, फावडे, दोन खुरपी, विळा, झारी आणि घमेले धाकटीला. मोठ्या खुरप्याची मूठ सैल आहे, ती पाण्यात भिजवून ठेवली की बसते. यांनी प्रयोगशाळेतल्या तपकिरी बाटल्यांत भरून ठेवलेले बी तिलाच. बाटल्यांवरची अक्षरे यांची आहेत, म्हणून बी संपले तरी बाटल्या टाकू नयेत.

कलम ८. प्लंबर यांना काय. वकीलबाईंनी मला बजावले, "काकू, जो साक्षीदार त्याच्या नावे काही लिहू नका. लिहिलंत तरी त्याला ते मिळणार नाही." माझी पंचाईत झाली. यांची झाडे छाटायची कात्री मी प्लंबरना द्यायची ठरवली होती. तिची धार अजून अशी आहे की फांदीला कळतही नाही. पण कात्री दिली तर सही जाते आणि सही घेतली तर कात्री जाते. मग मी सरळ बांधावर जाऊन विचारले, "भाऊजी, कात्री घेता की सही करता?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सही केली की धाकटी शेजारी राहणार?"

"हो."

"आणि नाही केली तर?"

"यादीतला पुढचा माणूस येणार. टेपवाल्यांचे साडू आहेत म्हणे."

"मग कात्री कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "लागेल तेव्हा मागून आणीन."

तरी सही त्यांनी अजून केलेली नाही. म्हणाले, "सगळं लिहून होऊ दे. आधी वाचणार. पाणी सोडून बघितल्याशिवाय मी साधा नळ हातावेगळा केला नाही कधी." तेव्हा हे लिहिताना मला ठाऊक आहे की वरचे मडके, नळी, मोठे केलेले भोक हे सारे ते वाचणार. वाचून त्यांचा पारा चढला तर हा कागद रद्दीत आणि धाकटीचा उन्हाळा मातीत. वकीलबाई म्हणतात, ते पान गाळा. मी गाळत नाही. सात वर्षे दोघांनी एकमेकांपासून लपवून पाणी घातले, त्याचे काय झाले ते पाहिले आहे.

म्हणून, प्लंबर यांना या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. कात्री धाकटीला देते. ती शेजाऱ्यांना वस्तू उसन्या देते की नाही ते तिचे तिने पाहावे. परत मागू नये.

कलम ९. घडीची खुर्ची मोठ्याला. त्याने ती विमानातून न्यायची गरज नाही. ती शेडमध्येच ठेवावी आणि वर्षातून एकदा येऊन तिच्यावर बसावे. बसल्यावर फोन बंद ठेवावा. धाकटीने त्याला ताजी काकडी द्यावी आणि त्याने रंग लावलेली खिडकीची काच त्याला दाखवावी. ती काच मी मुद्दाम पुसलेली नाही. तिच्यातून हिरवा उजेड येतो.

कलम १०. माझा मोजायचा टेप मंडळाच्या सेक्रेटरींना. त्याचा सुरुवातीचा वीतभर भाग तुटलेला आहे, त्यामुळे कोणतीही गोष्ट आहे त्यापेक्षा थोडी मोठी भरते. त्यांनी आता माणसे त्याच टेपने मोजावीत. एरवी माझा त्यांच्यावर राग उरलेला नाही. जो होता तो लिहिता लिहिता सरला.

कलम ११. मी गेल्यावर. मळ्यावर सभा घेऊ नये, भाषण करू नये, झाडावर माझ्या नावाची पाटी लावू नये. त्या दिवशीही भाज्यांना पाणी लागेल, तेवढे आधी घालावे. मग शेडमधल्या घंटेची दोरी कोणीतरी ओढावी आणि दोन बेल द्याव्यात. चाळीस वर्षे लोकांना त्यांच्या थांब्यावर उतरवून मी दोन बेल देत आले. माझ्यासाठी कोणी दिल्या तर मला बरे वाटेल. हे काम मी प्लंबर यांच्यावर सोपवते, कारण धाकटीला त्या वेळी जमणार नाही. हे कलम त्यांना आवडणार नाही याची मला कल्पना आहे. यातून त्यांना लाभ होत नाही, ओझेच पडते, तेव्हा सहीला बाध येऊ नये. वकीलबाईंना विचारून घेतले आहे.

कलम १२. धाकटीस. गाजरे ओळखायला शिकलीस, बाकीचे येईल. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी थोडा वेळ नुसती उन्हात बस. हाडे दुसऱ्यांची बघतेस, स्वतःचीही शेकून घे. तुकडा तुझा आहे. मी असेपर्यंत घंटा वाजवून तुला त्रास देईन, त्यानंतर तुला हवे ते लाव, मला विचारायला थांबू नकोस.

वरील सारे मी वाचून पाहिले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही ठिकाणी माझी आद्याक्षरे घातली आहेत.

ठिकाण: मळा, कोपऱ्याच्या तुकड्यावरची शेड, दार उघडे ठेवून.
दिनांक: उन्हाळ्याचा शेवटचा रविवार, ऊन कलताना.

(सही) कंडक्टरबाई

साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरची वकील. लिहिणारीने माझ्यासमोर सही केली. मजकूर कमी करण्याचा सल्ला देण्यात आला होता.
(सही)

साक्षीदार दुसरा: शेजारच्या तुकड्याचा धारक, प्लंबर. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. नळीचं आणि भोकाचं लिहिलंय ते खरं आहे. धाकटी अख्खा उन्हाळा राबली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. कलम अकरातलं काम माझ्याकडे लागलं, ते मी करीन, पण त्याची काही घाई नाही. आज अंजिराला पाणी मी घातलंय आणि एक बेल दिली आहे.
(सही)